पोरगं आता सल्ला देणार!

"काय वो वहिनी, राजघाटावरून येताना ऐकलं मी. फोनवर जिलेबीचा हिशेब कसला चालला होता? पोराचं लग्न ठरलं का काय?"

"कसलं लग्न, आक्का! नोकरी सोडायची म्हणतोय. पुण्यातल्या कारखान्यात इंजिनिअर होऊन दोन वर्षं नाही झाली, आता म्हणे मॅनेजमेंट कन्सल्टिंग."

"म्हणजे करायचं काय?"

"दुसऱ्याच्या कंपनीत दोन-चार महिने जाऊन बसायचं. पैसा कुठं गळतो, माल कुठं अडतो ते हुडकायचं आणि मालकाला सांगायचं."

"ते तर आपल्या गल्लीत सगळेच करतात, तेही फुकट!"

"हसा तुम्ही. मुलाखतीत काय विचारतात ठाऊक आहे? एखाद्या गावात अमुक वस्तू रोज किती खपते, सांग. खरा आकडा कुणालाच माहीत नसतो, पोरगं डोकं कसं चालवतं ते बघतात. म्हणून सरावाला यानं आपली मावा जिलेबी घेतली. २०११ च्या जनगणनेत आपलं बुरहानपूर शहर २ लाख १० हजारांचं. घरात पाच माणसं धरली तर ४२ हजार घरं. दहातलं एक घर आठवड्याला पाव किलो आणतं असं धरलं, म्हणजे आठवड्याची १,०५० किलो. रोजची दीडशे."

"आणि रमजान? तेव्हा संध्याकाळी दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. बाहेरगावचे बांधून नेतात ते कुठं धरले त्यानं?"

"मीही हेच म्हटलं, तर खूश झाला! म्हणे, आई, गुणाकार कुणीही करतं, आपण काय धरून चाललो ते बोलून दाखवावं लागतं."

"मग चार वर्षं इंजिनिअरिंग शिकला ते पाण्यात?"

"नाही म्हणतो. या धंद्याचा मूळपुरुषच म्हणे इंजिनिअर. टेलर नावाचा अमेरिकन. उमेदवारी करून कारागिरी शिकला, मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात राबला आणि १८९३ मध्ये सल्लागार म्हणून दुकान थाटलं. घड्याळ लावून कामाचं माप काढायचा. आपले मॅनेजमेंटचे सल्लागार शरू रांगणेकरसुद्धा आधी केमिकल इंजिनिअर."

"घड्याळ लावायचा? मजूर शिव्या घालत असतील."

"घालणारच! १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रागारात त्या घड्याळावरून संपच झाला."

"बघ. आमच्या यंत्रमागावर असाच एक शहाणा आला होता. एका माणसानं दोन माग जास्त सांभाळावेत म्हणाला. सूत किती तुटतं, वीज कधी जाते, काही विचारलं नाही. कागद देऊन गेला, पुन्हा तोंड दाखवलं नाही. सल्लागार म्हणायचा तर आपल्या कुंडी भंडाऱ्याचा तो इराणी जाणकार, तबकुतुल अर्ज. १६१५ मध्ये मुघल सरदार खानखानानच्या काळात आला. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून तापीकडं कसं सरकतं ते ताडलं. पण नुसतं सांगून गेला का? एकामागून एक कुंड्या खणवल्या, आतून बोगद्यानं जोडल्या, पाणी गावात आणून दाखवलं."

"पण आक्का, आत्ता नोकरी सोडली तर सल्ल्याच्या कंपन्या नवशिका म्हणून घेतील. पाच-सात वर्षांनी बऱ्याच ठिकाणी आधी एमबीए मागतात म्हणतो. मग इंदूरच्या आयआयएमचा खर्च कोण करणार?"

"ते खरं. नवशिक्याला चुकायची मुभा असते, ती नंतर नाही मिळत. आणि तो कारखान्यात सध्या करतो काय?"

"नवी मशीन बसवतोय. दिवाळीपर्यंत सुरू व्हायची आहे."

"मग जाऊ दे त्याला, अडवू नको. मात्र ती मशीन सुरू होऊन चार दिवस नीट चालेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही म्हणावं."