मेक्सिकोला जाणारी गाडी

सिडनी ते मेलबर्न विमानाने दीड तासात जाता येतं. आगगाडीला अकरा तास लागतात. मी आगगाडीच धरली, कारण विमानात शेजारी बोलत नाहीत. इथला शेजारी, एक सिडनीकर आजोबा, सुटण्याआधीच बोलू लागला.

"मेलबर्नला? म्हणजे मेक्सिकन लोकांत!"

व्हिक्टोरिया राज्य सरहद्दीच्या दक्षिणेला, म्हणून तिथले ते मेक्सिकन. आपण सगळ्यांना सरसकट 'ऑसी' म्हणून मोकळे होतो (ते स्वतः 'ऑझी' म्हणतात), पण हे नाव परदेशात मिरवायचं. घरात कुणीच ऑझी नसतो. क्वीन्सलंडचे लोक 'बनाना बेंडर': तिथे केळी पिकतात, आणि ती हाताने वाकवण्याखेरीज त्यांना दुसरा उद्योग नाही, असं आजोबांचं मत. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे 'क्रो ईटर', कावळेखाऊ. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. ॲडलेडच्या फुटबॉल संघाचं नावच 'क्रोज' आहे. पश्चिमेकडचे 'सँडग्रोपर', म्हणजे वाळूत बिळं करणारा एक किडा.

सिडनीचं राज्य न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्यातली रग्बीची 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिका सुरू झाली की केळीवाल्यांना बढती मिळते, ते 'केन टोड' होतात. उसातले भुंगे खाण्यासाठी 1935 मध्ये क्वीन्सलंडने परदेशातून हे बेडूक आणले. त्यांनी भुंगे सोडून बाकी बहुतेक सगळं खाल्लं.

"आणि ते तुम्हाला काय म्हणतात?"

आजोबा थोडा वेळ मेंढ्या बघत राहिले. "झुरळं."

ऑल्बरी आलं. मुरे नदीकाठचं सरहद्दीवरचं स्टेशन, फलाट संपता संपत नाही. 1962 पर्यंत इथे सगळ्यांना उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागे, कारण न्यू साउथ वेल्सचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे आणि व्हिक्टोरियाचे पाच फूट तीन इंचांचे. 1895 च्या दौऱ्यात मार्क ट्वेनचीही इथे झोपमोड झाली आणि त्याने ती लिहून जगाला कळवली.

"मेक्सिकनांचा आडमुठेपणा!" आजोबा म्हणाले.

इतिहास उलटं सांगतो. रुंद रूळ आधी सिडनीकरांनीच ठरवले होते. व्हिक्टोरियाने त्याप्रमाणे मागणी नोंदवल्यावर त्यांनी स्वतः बेत बदलला. पण अजून चार तास शेजारी बसायचं होतं. मी मान डोलावली.

तुम्ही गेलात तर खुशाल कुणालाही ऑझी म्हणा. फक्त रग्बीच्या संध्याकाळी क्वीन्सलंडच्या ब्रिस्बेनमध्ये निळा शर्ट घालू नका. तो झुरळांचा रंग आहे.