दप्तराचा चार्ज

सरकारी नोकरीतला मनुष्य निवृत्त होतो, बदलून जातो, किंवा एखादे वेळी खुर्चीत बसल्याबसल्याच कैलासवासी होतो. परंतु यांपैकी कोणत्याही प्रसंगी त्याच्या दप्तराला वैधव्य येत नाही, कारण त्याच्या जागी येणारा इसम चार्ज-पत्रकावर सही करून किल्ल्या, शिक्के आणि तुंबलेली प्रकरणे रीतसर ताब्यात घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांना ‘उद्या या’ असे सांगण्याचे काम पूर्ववत सुरू होते. गेल्या पंधरवड्यात माझ्या सहा वर्षांच्या फोनाकडून नव्या फोनाला असाच चार्ज देवविण्याची वेळ आली, तेव्हा तासाभरात सोपस्कार उरकतील अशी माझी भाबडी समजूत होती.

जुन्या फोनाची अवस्था पाहवत नव्हती. बॅटरी फुगून पाठीचे झाकण एका कडेने उचलले गेले होते आणि पडद्याची तळाकडची दोन बोटे रुंदीची पट्टी स्पर्शाला दाद देईनाशी झाली होती. आता ‘पुढे’, ‘परवानगी द्या’, ‘मान्य आहे’ ही समस्त बटणे नेमकी त्याच पट्टीत वस्तीला असतात. म्हणजे दस्त तयार, साक्षीदार हजर आणि लिहून देणाऱ्याच्या अंगठ्यालाच लकवा! अखेर पुतण्याने कुठूनशी एक आखूड तार आणून संगणकाचा माउस फोनाला जोडला, पडद्यावर बाण उमटला आणि त्या शेपटीच्या आधारे आसन्नमरण दात्याची संमती मिळू लागली.

“काका, बॅकअप कधी घेतला होतात?” पुतण्याने विचारले.

“घ्यायचा होता,” मी म्हणालो.

त्यावर तो काही बोलला नाही. फक्त मी चार्जरकडे हात नेला तेव्हा त्याने तो धरला. “फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. पेट घेईल.” तेव्हा पडद्यावर ६४ टक्के हा आकडा दिसत होता. चार्ज द्यायला निघालेल्याला चार्ज करता येत नाही, ही अडचण कोणत्याही नियमपुस्तिकेत नसावी.

नाव-नंबर आणि छायाचित्रे विनातक्रार आली. व्हॉट्सअॅपने तर २०२३ पासून दोन फोन समोरासमोर ठेवून, एकाने दुसऱ्याचा चौकोनी संकेत वाचावा आणि संभाषणे थेट इकडून तिकडे जावीत अशी सोय केलेली आहे. ती इतकी चोख निघाली की, सहा वर्षांतली यच्चयावत ‘शुभ सकाळ’, त्यांतील गुलाबांसह, वाफाळत्या चहाच्या कपांसह आणि कोणा थोर पुरुषाच्या नावावर खपवलेल्या सुभाषितांसह, नव्या फोनात सुखरूप दाखल झाली. त्या वरातीने जुन्या फोनाचे ४० टक्के रक्त प्यायले. यूपीआयने नव्या फोनातल्या सिमकार्डावरून एक संदेश पाठवून, हा इसम तोच काय याची रुजुवात घेतली आणि पहिल्या २४ तासांसाठी व्यवहाराला ५,००० रुपयांचे कुंपण घातले. याबद्दल माझी तक्रार नाही; पैशाच्या दारावरचा पहारेकरी संशयीच असावा.

अडले ते दुधाच्या हिशेबाशी. आमच्या घरी कोणत्या दिवशी किती दूध आले आणि कोणत्या दिवशी खाडा झाला, याची नोंद पत्नी दोन वर्षे एका चिमुकल्या ॲपमध्ये करीत आली आहे, आणि गेल्या तीन महिन्यांच्या खाड्यांवरून दूधवाल्याशी आमचा वाद चालू असल्यामुळे हा दस्तऐवज तूर्त पुराव्यात होता. अँड्रॉइडच्या राज्यात प्रत्येक ॲप म्हणजे विलीनीकरणापूर्वीचे एकेक संस्थान असते. त्याला स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र कोठी, आणि त्या कोठीत दुसऱ्या ॲपलाच काय, फोनाच्या धन्यालाही मज्जाव. विजेरीच्या ॲपने बँकेच्या तिजोरीत डोकावू नये यासाठी ही व्यवस्था असून ती रास्त आहे. शिवाय २०१५ पासून ॲपमागे २५ एमबीपर्यंतचा ऐवज आपोआप बॅकअपात ठेवण्याची तजवीजही आहे. मात्र ॲपच्या कर्त्याने एका ओळीने नकार नोंदविला की ती सरते. आमच्या दुग्धसंस्थानच्या अधिपतीने तो नकार नोंदविलेला होता. चौदा ऑगस्टला आम्ही बासुंदीसाठी दीड लिटर दूध जास्त घेतले, ही वार्ता शत्रूच्या हाती लागू नये म्हणून घेतलेली ही खबरदारी पाहून माझा ऊर भरून आला.

पुण्यात पेशवे दप्तर आहे. १८१८ साली राज्य गेले, दप्तर राहिले. रुमालांत बांधलेले ते मोडी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यांतून वेचून ४५ खंड छापविले. दुसऱ्या बाजीरावाच्या सहा आकडी संकेतांकावाचून त्यांचे काही अडले नाही, मोडी वाचता आली म्हणजे झाले. आमचे दूध मात्र शुद्ध देवनागरीत लिहिलेले असून नव्या फोनाला अगम्य! १९४८ च्या कुळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जमीन कसणाऱ्या कुळाला मालकी दिली; रोज सकाळी पातेले हातात घेऊन नोंद करणारी माझी पत्नी त्या ॲपात अजून कूळच आहे, आणि तिला खंडाची पावतीही मिळत नाही.

सबब, शंभर पानी वही आणली. पत्नीने जुन्या फोनावरून वाचावे आणि मी लिहावे असे ठरले. “अहो, वादाचे तीन महिने आधी घेऊ,” असे ती म्हणाली. परंतु दप्तराची नक्कल आरंभापासूनच व्हावी, मधूनच नव्हे, असा आग्रह मी धरला. चौदा ऑगस्टची बासुंदी उतरली, दिवाळी उतरली. वादाच्या पहिल्या महिन्याचे पान आखून मी मान वर केली तेव्हा पत्नीच्या हातातला पडदा काळा झाला होता.

संध्याकाळी दूधवाला आला. त्याने गोठ्याच्या भिंतीवरचे कॅलेंडर गुंडाळून आणले होते. आमच्या प्रत्येक खाड्यावर पेन्सिलीची फुली होती, आणि चौकटी तीनही महिन्यांच्या भरलेल्या होत्या. त्या हिशेबाने आमच्याकडे ३४० रुपये निघाले. ते मी रोख दिले.