किती वाजले? सदतीस!

परवा जिन्यात आमच्या सोसायटीचे खजिनदार भेटले. सहज विचारलं, "किती वाजले हो?" त्यांनी मनगट पुढे केलं, पट्टा सोडला, घड्याळ काढून उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सदतीस."

मी दचकलो नाही. येरवड्यात राहणारा माणूस असल्या उत्तरांना दचकत नाही. उरलेला महाराष्ट्र आपल्याकडून अशाच उत्तरांची अपेक्षा धरून असतो, हे त्याला शाळेतच कळलेलं असतं.

"शंभरापैकी सदतीस," त्यांनी खुलासा केला.

"म्हणजे दोन मार्कांनी वाचलात की!"

ते चिडले. हा गुण नव्हे, क्रमांक होता. कुठल्याशा उंची दुकानाला दहा वर्षं झाली, म्हणून त्या दुकानाने परदेशी कारखान्याकडून शंभर घड्याळं खास स्वतःसाठी करून घेतली. जगात शंभरच. त्यातलं सदतिसावं आमच्या खजिनदारांच्या मनगटावर.

खास म्हणजे काय, हे मी नीट विचारून घेतलं. यंत्र तेच, वर्षभर सगळ्यांना विकतात ते. केस तीच, काटे तेच, पट्टाही तोच. फरक तबकडीच्या रंगात. हा रंग म्हणे 'मुळा-मुठेच्या संध्याकाळचा निळा' आहे. रंगाचं बारसं करणारा माणूस बंडगार्डनच्या पुलावर कधी उभा राहिलेला नसावा. उन्हाळ्यात तिथून खाली पाहिलं तर निळं काही दिसत नाही. काठापासून काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी दिसते आणि संध्याकाळी तिच्यातून डासांचा ढग उठतो. खरा रंग दिला असता तर घड्याळाबरोबर मच्छरदाणीही द्यावी लागली असती.

पण रंगाचं राहू द्या. मी अडकलोय तो सदतीसवर. हा आकडा कोरलाय कुठे, तर घड्याळाच्या पाठीवर, म्हणजे जो भाग कातडीला चिकटून असतो तिथे. तो वाचू शकणारे जगात दोघेच: घालणाऱ्याचा घाम आणि दुरुस्ती करणारा. नऊ लाख नव्वद हजार मोजून माणसाने असा आकडा विकत घेतला की जो अंगावर असताना त्याला स्वतःलाही दिसत नाही! लग्नातल्या सुटाची किंमत आतल्या खिशाच्या चिठ्ठीवर असते, तसलाच प्रकार. फरक इतकाच की सुटाची चिठ्ठी दाखवायला कुणी सूट काढत नाही. आमचे खजिनदार मात्र काढतात. वार्षिक सभेत कोरमची वेळ झाली का बघायला घड्याळ काढलं, तर उलटं. बसस्टॉपवर बाईंनी वेळ विचारली, उलटं. गेल्या महिन्यात एका दहाव्याला गेलो होतो. पिंड मांडून सगळे ताटकळत उभे, कावळा काही केल्या शिवेना. गुरुजींनी वैतागून वेळ विचारली आणि यांनी पट्टा सोडला. "सदतीस" हा शब्द उच्चारला गेला त्याच क्षणी कावळा शिवला. गेलेल्या माणसाचा जीव नेमका कशात अडकला होता, याची त्या घरात अजून चर्चा चालू आहे.

बरं, सदतीसच का? एक नंबर मालकाने स्वतःला ठेवला. सात, अकरा, एकवीस, एक्कावन्न हे पूजेच्या आकड्यांसारखे आधीच 'वर'च्या ओळखीत गेले. तेरा कुणी घेईना. सदतीस मिळायलासुद्धा यांना दीड वर्ष यादीत थांबावं लागलं आणि त्याआधी त्याच दुकानातून नको असलेली दोन घड्याळं घ्यावी लागली. दुकानाशी 'नातं जुळलेलं' असल्याखेरीज मर्यादित आवृत्ती मिळत नाही म्हणे. माझ्या पिढीला हे नातं चांगलं ठाऊक आहे. गॅसचं कनेक्शन हवं असेल तर आधी शेगडी घ्या, लायटर घ्या, नळी घ्या, असं सांगायचे तेव्हा. आपण त्याला लूट म्हणायचो आणि शिव्या देत शेगडी घ्यायचो. आता तीच शेगडी मखमली डबीत ठेवून देतात आणि माणूस थँक्यू म्हणून येतो.

नऊ लाख नव्वद हजार या आकड्यातही कला आहे. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून एक टक्का कर वसूल करून सरकारात भरायचा, असा नियम आला. पॅन कार्ड तर दोन लाखांपुढे दाखवावंच लागतं. म्हणजे या आवृत्तीची खरी मर्यादा शंभर नव्हे, दहा लाख आहे. आणि ती दहा हजारांनी पाळलेली आहे.

एवढं करून वेळ तरी बरोबर दाखवतं का? चावीचं किंवा आपोआप गुंडाळलं जाणारं यंत्र सेकंदाला साधारण आठ ठोके देतं. चांगलं, तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेलं स्विस यंत्र दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे गेलं तरी पास. आमच्या वॉचमनने गुंजन चौकातल्या पथारीवरून अडीचशे रुपयांना घेतलेल्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक आहे. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंदांची चूक करतो. खजिनदारांचं घड्याळ तेवढी चूक तीन-चार दिवसांत सहज करू शकतं आणि तरी प्रमाणपत्रात बसतं. पण वॉचमनला वेळ विचारली तर तो वेळ सांगतो. घड्याळ असण्याचा त्याला दुसरा काही उपयोगच माहीत नाही, बिचाऱ्याला.

दुकानदाराचं नाव घड्याळावर असणं ही काही आजची टूम नव्हे. पूर्वी कारखान्याच्या नावाखाली तबकडीवर पेढीचं नाव छापलेलं असे. गिऱ्हाइकाला स्वित्झर्लंड कुठे माहीत होतं? त्याला गल्लीतला दुकानदार माहीत होता. घड्याळ बंद पडलं तर कुणाच्या गल्ल्यापुढे जाऊन भांडायचं, त्याचा तो पत्ता होता. आता दुकानाचं नाव भांडणासाठी राहिलं नाही, लिलावासाठी उरलं आहे. न्यूयॉर्कच्या एका सराफी पेढीसाठी 2021 साली निळसर तबकडीची 170 घड्याळं झाली. दुकानातली किंमत पन्नास हजार डॉलरच्या थोडी वर. त्यातलं एक त्याच डिसेंबरात दानधर्मासाठी लिलावात निघालं आणि 65 लाख डॉलरला गेलं. तेव्हापासून प्रत्येक गावच्या दुकानदाराला आपापली निळी संध्याकाळ सापडू लागली आहे.

इथवर मी हसत होतो. मग त्यांनी डबीतलं, या घड्याळाच्या समारंभाचं निमंत्रणपत्र दाखवलं आणि माझं डोकं सटकलं. समारंभ जिथे झाला ती जागा मी रोज पाहतो. पिन कोड 411006. सातबाऱ्यावर येरवडा, पोलीस ठाणं येरवडा, पोस्टमन येरवड्याचा. पत्रावर मात्र 'कल्याणीनगरलगत'! तबकडीवर रोमन अक्षरांत 'पूना', डबीवर 'पूना', पिशवीवर 'पूना'. येरवडा कुठेच नाही. आमचं गाव पुसायची ही पहिली वेळ नव्हे. बिल्डर आमच्या जमिनीवर इमारत उभी करतो आणि जाहिरातीत तिला 'कोरेगाव पार्क ईस्ट' म्हणतो. सोयरिकीच्या बोलण्यात मुलीचा बाप "विमाननगरच्या अलीकडे" म्हणतो. कारण येरवडा म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ते ठरावीक हसू येतं. दोनच गोष्टी माहीत असतात लोकांना, एक भिंत आणि दुसरी भिंत. एकीआड कैदी, दुसरीआड मनोरुग्ण. आणि मग तो दीडशहाणा विनोद, "येरवड्याला पाठवा याला!" अहो, आम्ही इथे राहायलाच आहोत. आम्हाला कुठे पाठवणार?

आणि क्रमांकांचं म्हणाल, तर ते आम्हाला शिकवायला दुकान कशाला पाहिजे? आमच्या गावात पिढ्यानपिढ्या माणसांना नंबर पडत आले आहेत. तुरुंगाच्या दारात माणूस नाव ठेवून नंबर घेऊन आत जातो. 'मुलाखती'ला आलेल्या बाया डबा आणि पोर सांभाळत बाहेर बसून राहतात, नंबर लागेपर्यंत. झोपडपट्टीचं सर्वेक्षण झालं की दाराच्या पत्र्यावर तेलरंगाने आकडा येतो; पुढे पत्रा गंजतो, आकडा तसाच राहतो आणि घर काही मिळत नाही. मर्यादित आवृत्तीही आहे आमच्याकडे. त्या मोठ्या भिंतीआडची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि आत माणसं तिच्या दुपटीहून जास्त, हे आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतो. मर्यादा मोडून छापलेली देशातली ही पहिली मर्यादित आवृत्ती असावी. तिथला सदतीस नंबर कुणी मखमली डबीत ठेवत नाही. तो पाठीवर घेऊन माणूस सुटून येतो आणि पुढे आयुष्यभर कुणाला दिसू नये म्हणून धडपडतो. इथे एक गृहस्थ तोच आकडा जवळपास दहा लाखांना घेतात आणि दिसत नाही म्हणून पट्टा सोडून दाखवतात!

आमच्या गावाचं नाव अभिमानाने मिरवणारी एकच वस्तू जगाला माहीत आहे. पेटीत मिटून ठेवता येणारा चरखा. 1930 च्या सुमारास याच भिंतीआड त्याला आकार आला, म्हणून त्याला 'येरवडा चक्र' म्हणतात. त्याची कल्पनाच अशी होती की कुणाही सुताराने तो करावा, कुणीही काखोटीला मारून न्यावा, गावागावांत फिरावा. नंबर नाही, यादी नाही, आधी दोन टकळ्या विकत घ्या अशी अट नाही. अमर्यादित आवृत्ती. त्या तुरुंगात वापरलेला एक चरखा 2013 साली इंग्लंडात लिलावात निघाला आणि 1,10,000 पौंडांना गेला. सगळ्यांनी करावी म्हणून काढलेल्या वस्तूवरही अखेर एकाचीच बोली लागली. तेव्हा एकट्या घड्याळवाल्यांनाच काय दोष द्यायचा? पण निदान त्या लिलावात येरवडा हे नाव कुणी पुसलं नव्हतं.

असो. राग आला की माझं घड्याळ बंद पडतं. हा योगायोग असेल. वडिलांचं 'जनता', चावी द्यायचं. ते घेऊन गावठाणात जिन्याखाली बसणाऱ्या आमच्या घड्याळजीकडे गेलो, तर खजिनदार आधीच तिथे उभे. सदतीस नंबर थांबला होता. दुकान म्हणे तो परदेशी पाठवणार आणि सहा महिने लागणार.

घड्याळजीने आधी माझं घेतलं. नखाएवढ्या पात्याने मागचं झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला सुईने ओरखडलेले बारीक आकडे होते, एकाखाली एक. "हे माझ्या वडिलांचं अक्षर," तो म्हणाला. "1979. हे 86. हे माझं." प्रत्येक वेळी घड्याळ उघडलं की तारीख आत टोचून ठेवायची, ही त्यांच्या धंद्याची रीत. चाळीस वर्षं हे आकडे माझ्या मनगटावर होते आणि मला पत्ता नव्हता. त्याने मशीनवर एक थेंब तेल सोडलं, चाक हललं, मग सुईने आजची तारीख टोचून झाकण दाबून बसवलं. दोनशे रुपये.

मग खजिनदारांचं घड्याळ हातात घेतलं. उलटं केलं. भिंगातून बराच वेळ पाहिलं. 'सदतीस भागिले शंभर' हे वाचून त्याचा चेहरा उजळला.

"साहेब," तो म्हणाला, "बाकीची त्रेसष्ट कधी आणताय? एकदम दिलीत तर होलसेलमध्ये करून देतो."