वरातीमागून घोडी

बेस गिटारचा ब्रिज लावण्याची काचीगुडा पद्धत

तंबोऱ्याला जी घोडी, तोच बेसला ब्रिज. त्यावर प्रत्येक तारेसाठी एक सॅडल असते, म्हणजे शब्दशः खोगीर. मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या घोडीची जवारी काढण्यात गेल्या. आपल्याला हे काम गणपतीच्या कार्यक्रमाआधीच्या एका रविवारी उरकायचे आहे. घाबरू नये. त्यासाठी लागणारे तीन शब्द हैदराबादच्या काचीगुड्यात रोज कानावर पडतात : हौ, नक्को आणि हल्लू. आपल्या हो, नको, हळूची ही भावंडेच; दखनी पाणी लागून जरा अंगाने भरलेली.

साहित्य

खोगीरभरती नको. ॲलन कीचा संच, छोटा स्क्रू ड्रायव्हर, मिलिमीटरची पट्टी, ट्यूनर, नव्या तारा. ॲलन की आणायला राणीगंजला जावे. आपल्या बेसला इंची लागते की मिलिमीटरची, हे घरी आल्यावर कळते. म्हणून दोनदा जावे.

कृती

1. नव्या तारा चढवून ई, ए, डी, जी सुरात लावा. जुन्या तारांवर सगळी खटपट करणे म्हणजे घर सोडून चाललेल्या भाडेकरूसाठी भिंती रंगवणे.

2. घोडीला हात लावण्याआधी मान पाहा. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरा. आठव्या पडद्यापाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे. पावसाळ्यात लाकूड ओल पिते, मान पुढे झुकते, तारा उचलल्या जातात. मे महिन्यात उलटे. मानेतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा. हल्लू. जोर लावावासा वाटला, की नक्को.

3. सॅडलचे दोन बारीक स्क्रू फिरवून उंची ठरवा. सतराव्या पडद्यावर तारेखाली साधारण 2 ते 2.4 मिलिमीटर जागा हवी. त्याहून खाली गेलात, तर खर्जात खरखर येते. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून आपण झंकार मुद्दाम आणतो. बेसमधून तसा काही आला, की लोक दुरुस्तीवाल्याचा पत्ता देतात.

4. आता इंटोनेशन. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून हार्मोनिक काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा निघाला तर सॅडल मागे, मानेपासून दूर. उतरला तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावा. ट्यूनरचा काटा मधोमध थांबला, की हौ. मग दुसरी तार.

इतिहासाचा दिलासा

कंटाळा आला तर 1951 चा फेंडर प्रिसिजन बेस आठवावा. त्यात चार तारांना दोनच सॅडल होती. अगदी एकत्र कुटुंब : एकीचे मन राखावे, तर दुसरी बेसूर. 1957 मध्ये चौघींची खोगिरे वेगळी झाली. तेव्हापासून चौघींच्या तक्रारीही वेगवेगळ्या बसून ऐकाव्या लागतात.

शेवटची सूचना

आता चौथा शब्द. सेट-अप कधी केलास, असे कुणी विचारले तर ‘परसों’ म्हणावे. हैदराबादी परसोंमध्ये परवाचा दिवस, गेले वर्ष आणि निजामाची राजवट हे सगळे मावते. त्यामुळे घोडी बसली ती विसर्जनानंतरच्या रात्री, हे कुणाच्या लक्षात येत नाही.