मुदाशोधनाची गुणपत्रिका

टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी घडवलेल्या आणि पुढे १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांच्या लेखातून ‘लीन’ हे नाव मिळालेल्या पद्धतीत ‘मुदा’, म्हणजे ग्राहकाच्या लेखी मोल नसलेली प्रत्येक हालचाल, साठा वा प्रतीक्षा, हुडकून काढायचा असतो. ती संस्थेत कितपत मुरली हे ठरवणारी समिती मात्र जाडजूड प्रश्नावली, तिच्या प्रती आणि त्यांवरील सह्यांची प्रतीक्षा यांतून (हा मुदा अर्थातच मोजला जात नाही) गुणांपर्यंत पोहोचते. दोष दिसताच कामगाराने ओढून मदत मागावी, आणि तो वेळेत न सुटल्यास उत्पादन थांबावे, यासाठी असलेली ‘आंदोन’ दोरी जागेवर लटकत असल्याबद्दल पूर्ण गुण मिळतात. वर्षभरात ती कोणी ओढण्याचे धाडस केले नाही, याचे आणखी गुण ‘अखंड उत्पादन’ या सदरात जमा होतात.