पाण्यावरचा कार्पेट एरिया

शिडाची बोट घ्यायची म्हटली की माणूस आधी केप हॉर्नचा विचार करतो, मग धक्क्याच्या भाड्याचा. संडास कुठे आहे, हा प्रश्न अगदी शेवटी निघतो आणि तोही बायको विचारते म्हणून.

साउथॅम्प्टनला स्थायिक झालेला माझा एक मित्र निवृत्तीच्या तोंडावर अशी बोट घेतोय. घेतोय म्हणजे तुलना करतोय. उमेदवार दोन: इंग्लंडची कॉन्टेसा ३२ आणि कॅलिफोर्नियाची वेस्टसेल ३२. दोघी १९७०च्या दशकातल्या, दोघींच्या नावात बत्तीस फूट. वजनं पाहिली की मात्र डोळे चोळावे लागतात. कॉन्टेसा सव्वाचार टनांच्या आसपास आणि वेस्टसेल जवळजवळ पावणेनऊ! मी पुण्यात राहतो. पाण्याशी माझा संबंध टँकरपुरता. तरीही तो मलाच विचारतो, कारण इथला फ्लॅट घेताना त्याने मलाच विचारलं होतं.

आणि गंमत म्हणजे फ्लॅटचंच ज्ञान कामी आलं. बोटीची लांबी हा बिल्डरच्या बोलीतला सुपर बिल्ट-अप असतो. खरा कार्पेट एरिया म्हणजे पाण्याला टेकलेली लांबी. कॉन्टेसाच्या बत्तीस फुटांतले पाण्याला टेकतात फक्त चोवीस, वेस्टसेलचे साडेसत्तावीस. बोटीचा वेग या टेकलेल्या लांबीवर ठरतो. तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ने गुणायचं, की साधारण किती नॉटच्या पुढे बोट रेटली तरी जाणार नाही ते कळतं. कॉन्टेसाचे साडेसहा येतात, वेस्टसेलचे सात. म्हणजे जिला खलाशी चेष्टेने गोगलगाय म्हणतात, तीच कागदावर जास्त पळते! फक्त ते नऊ टन हलवायला वारा तसा तगडा हवा. मंद वाऱ्यात कॉन्टेसा निघून जाते आणि वेस्टसेलवरची मंडळी दुसरा चहा टाकतात.

वेस्टसेलला बाल्कनीही आहे. नाळेच्या पुढे काढलेला बोस्प्रिटचा दांडा धरला तर तिची लांबी चाळीस फुटांच्या घरात जाते, आणि बहुतेक मरिना भाडं लावताना टेप त्या दांड्याच्या टोकापासूनच धरतात. हे कळल्यावर मित्र दोन दिवस गप्प होता.

बोट घेणाऱ्यांच्या जगात आकड्यांना तोटा नाही. बोट उलटण्याचा धोका दाखवणारा एक आकडा आहे. तो दोनच्या खाली असला की बरं. या दोघी दोनच्या खालीच. दुसरा आहे ‘कम्फर्ट रेशो’. टेड ब्रूअर या आरेखकाने तो अर्धवट थट्टेत काढला, असं त्यानेच सांगून ठेवलंय. आता जगभरची शहाणीसुरती माणसं तो दशांशापर्यंत काढतात. कॉन्टेसाचा सत्तावीस येतो, वेस्टसेलचा बेचाळीस. लाटांवर कोण किती हिसके देईल याचा हा अंदाज. पोटात काय होईल ते पोट ठरवतं.

मग वादळांच्या कथा. ऑगस्ट १९७९च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळाने गाठलं, पंधरा स्पर्धक दगावले. सर्वांत लहान बोटींच्या गटातून शेवटपर्यंत पोचली ती एकच, ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२. तिची कुवत अशी की दीडशे अंशांपर्यंत कलंडली तरी ती परत उभी राहते, कारण जवळपास निम्मं वजन तळाच्या कण्यात आहे. वेस्टसेलची कथा उलटी. १९९१च्या ऑक्टोबरात अटलांटिकमधल्या वादळातून ‘सटोरी’वरच्या तिघांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचललं आणि बोट तिच्या नशिबावर सोडली. काही दिवसांनी ती मेरिलँडच्या पुळणीवर येऊन लागली, जवळपास धडधाकट. मित्राला ही कथा फार आवडते. मला त्यात निराळंच दिसतं. कॉन्टेसाने माणसांसकट वादळ काढलं. वेस्टसेलने माणसं उतरल्यावर. आपण बोटीवर असणार आहोत, हे तुलना करताना धरायला नको?

पण त्याचा ओढा वेस्टसेलकडे आहे, आणि त्याला कारण मुंबई. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’वरून, जगात पहिल्यांदा. ती सागवानी बोट बांधली गेली मुंबईत, आणि तिचा आराखडा विल्यम ॲटकिन यांचा ‘एरिक’. वेस्टसेलचं मूळही त्याच एरिकमध्ये. ‘अरे, म्हणजे ती आपल्या मुंबईवालीची चुलत बहीण झाली!’ तो म्हणतो. नातं निघालं की मराठी माणसाचा हिशेब संपतो.

वहिनींचा मात्र तिथेच सुरू होतो. दोन्ही बोटी पाहायला त्या गेल्या आणि शिडांकडे वळूनही न पाहता खाली उतरल्या. वेस्टसेलमध्ये सरळ उभ्या राहिल्या, म्हणाल्या, ‘हं.’ कॉन्टेसामध्ये त्या मावल्या, मित्राची मान तिरकी झाली. शेगडी मात्र त्यांना मनापासून आवडली. ती दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली असते. बोट कलली की शेगडी झुलते आणि पातेलं सपाटच राहतं. वहिनींनी बोटाने ती झुलवून पाहिली, चार-पाच वेळा. मग बिछान्याच्या कडेला बांधायचं कापड दिसलं. झोपेत गडगडू नये म्हणून ते लावतात, हे कळल्यावर म्हणाल्या, ‘अहो, पाळण्यातून निघून परत पाळण्यात यायचं का?’

मला विचाराल तर कॉन्टेसा. तो फिरणार सोलेंटच्या सामुद्रधुनीत आणि फार तर ब्रिटनीपर्यंत. तिथे हलक्या वाऱ्यात चालणारी आणि भरतीओहोटीच्या ओढीत झटपट वळणारी बोट बरी. ती भिजवते, हे खरं. पण पन्नास वर्षांच्या बोटीत मॉडेलपेक्षा तीच एक बोट कशी ठेवली आहे याला महत्त्व. वेस्टसेल तर पुष्कळांनी नुसता सांगाडा विकत घेऊन अंगणात पुरी केलेली. आतलं सुतारकाम कुणाचं कसं निघेल, सांगता येत नाही. सर्वेअर हातोडी घेऊन तळ ठोकत जातो आणि आवाज बद्द आला की थांबतो. तेवढ्या थांबण्यावर किंमत उतरते. ही हातोडी आधी, वर्गमूळ मग, असं मी त्याला कळवलं.

त्यावर त्याचं उत्तर आलं. तक्त्यात आता तिसरा रकाना आहे: रस्टलर ३६. अभिलाष टॉमी २०२३मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले ते याच जातीच्या बोटीवरून. खाली वहिनींची ओळ होती: ‘भाऊजी, यांना सांगा, शेगडी झुलते का ते आधी विचारा.’