कपाटाची ओटी

मराठी मध्यमवर्गीय घरात माया व्यक्त करण्याची पद्धत एकच: वस्तू झाकणे. वह्यांना खाकी कव्हर, मिक्सरला फुलाफुलांचं झबलं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी, दिवाणाला चादर आणि पाहुणे यायचे असले की त्या चादरीवर दुसरी चादर. अशा घरात भिंतीतल्या कपाटाची दारं तेवढी उघडीवाघडी राहिली, हे बायकोच्या ध्यानात आलं. मिस्त्रींना बोलावलं तर त्यांनी खिशातला टेपही न काढता "सगळं काढून नवीन करू" असा निकाल दिला. त्यांना चहा पाजून निरोप दिला आणि वॉलपेपर लावायचं ठरलं.

तसं बघायला गेलं तर दारांवरची सनमायकाही कागदच. राळेत भिजवलेल्या खाकी कागदांचे थर, त्यावर छापील नक्षीचा कागद, आणि हे सगळं उष्णतेत दाबून केलेला मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. लाकडाच्या रेघांची सनमायका म्हणजे प्लायवूडवर, म्हणजे लाकडावरच, चिकटवलेला लाकडाचा फोटो. तेव्हा आम्ही कागदावर कागद लावणार होतो. घराण्याच्या परंपरेला कुठे धक्का नव्हता.

दुकानात फ्लेमिंगो होते, संगमरवर होता, केळीची पानं होती आणि विटा होत्या. विटांना म्हणे फार मागणी. ज्या माणसाने विटा दिसू नयेत म्हणून गिलावा, पुट्टी आणि रंगाचे दोन हात यांसाठी कर्ज काढलं, त्याने आता कपाटावर विटा चिकटवायच्या! केळीची पानं आईला आवडली होती, पण "दाराला केळी कार्यापुरती बांधतात, बारा महिने नाही," म्हणून तिनेच ती बाद केली. शेवटी बारीक फुलांचा एक कागद पसंत पडला, तर तो मापात हरला. आपले मिस्त्री अजून इंचात जगतात, म्हणून दार अठरा इंची. कागदाचा रोल ४५ सेंटिमीटर रुंद. अठरा इंच म्हणजे ४५.७ सेंटिमीटर! प्रत्येक दाराला सात मिलिमीटर सनमायका जन्मभर बाहेर डोकावत राहिली असती.

मग कापड. आणि कापड आणायला बाहेर जायचं कारण नव्हतं, कारण त्याच कपाटात आईचा ओटीच्या ब्लाउजपीसांचा साठा होता. ऐंशी सेंटिमीटरचा हा तुकडा शिवण्यासाठी नसतोच. तो नोटेसारखा चलनात असतो. हळदीकुंकवाला आलेला डोहाळजेवणाला जातो, तिथून कुणाच्या मुंजीत, आणि दोन-चार जिल्हे फिरूनही त्याची घडी मोडलेली नसते. नोटेवर निदान कुणाची तरी सही असते. इथे सगळा हिशेब आईच्या डोक्यात. कुठला पीस कुणाकडून आला आणि कुणाला चुकूनही द्यायचा नाही, हे ती झोपेतही सांगेल. खणांना तिने हात लावू दिला नाही. "ते देवीचे." उरले ते टू बाय टू आणि पॉलिस्टरवाले. ते तिने उदार मनाने दिले.

कृती अवघड नाही. कापड आधी धुऊन, खळ देऊन इस्त्री करायचं, नाहीतर ओलीत ते आक्रसतं. दाराच्या मुठी काढायच्या. सनमायका गुळगुळीत, म्हणून तिच्यावरून पॉलिशपेपर फिरवायचा. फेव्हिकॉलमध्ये जरासं पाणी घालून पातळ हात द्यायचा आणि कापड मधून कडांकडे दाबत न्यायचं. वर पुन्हा एक हात. ओलं असताना सगळं दुधाळ दिसतं आणि घरातला प्रत्येकजण "वाया गेलं" म्हणतो. वाळलं की फेव्हिकॉल पारदर्शक होतो आणि तीच माणसं "मी म्हटलंच होतं" म्हणतात.

दारं मात्र झकास दिसायला लागली. मोरपंखीशेजारी चटणी, चटणीखाली आमसुली, कोपऱ्यात एक बिचारा श्रीखंडी.

आणि डोंबिवलीची मावशी आली. चहाला हात न लावता ती दारांसमोर उभी राहिली.

"हा चटणी रंगाचा मी दिला होता ना तुला, वास्तुशांतीला?"

"अगं, म्हणून तर नजरेसमोर लावलाय," आई म्हणाली. या वाक्याला खरं तर टाळ्या पडायला हव्या होत्या.

"पण मला तो तूच दिला होतास. आमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला."

बायकोने मावशीच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. मी पंख्याचा वेग वाढवून पाहिला.

मावशी मोठ्या मनाची. तिने विषय मुलांच्या परीक्षांवर नेला, दोन लाडू खाल्ले आणि उठली. आईने कुंकू लावलं, तांदूळ-नारळ पुढे घेतला आणि सवयीने कपाट उघडलं. फळी रिकामी होती. एका कडेला देवीचे खण, बस्स. दार लावून आईने सगळ्या ब्लाउजपीसांवरून नजर फिरवली आणि ती खालच्या कोपऱ्यातल्या श्रीखंडीवर थांबली. तो त्याच सकाळी लावला होता.

"बोट लावून बघ गं," ती बायकोच्या कानात म्हणाली, "ओला असला तर निघेल अजून."